पाठीला पाठ

या, असे जवळ येऊन बसा. देवाच्या नावानं जुंपलेल्या एका भांडणाची गोड गोष्ट सांगतो.

प्रॅट नवराबायकोची दोन तैलचित्रं त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर शेजारी शेजारी चढली.

चित्रं सुरेखच होती. इंग्रज राजा जाऊन लोकराज्य आल्यापासून कनेटिकट नदीकाठी जो तो जुन्या रोमकरांसारखा दिसायला बघत होता. घर साधं फळ्यांचं, पण चित्रात संगमरवरी खांब आणि लाल मखमली पडदा. प्रार्थनाघराचे कारभारी ॲसहेल प्रॅट हातात कागदाची गुंडाळी घेऊन बसलेले. त्यांची बायको मेहिटेबल पांढऱ्या झुळझुळीत वस्त्रात. फक्त डावीकडच्या चित्रातले ॲसहेल डावीकडे बघत होते आणि उजवीकडची मेहिटेबल उजवीकडे. जोडप्याच्या चित्रांत माना एकमेकांकडे वळलेल्या असतात. इथे पाठीला पाठ!

"टटल, हे काय करून ठेवलंत?" मुलगी केझाया चित्रकारावर उखडली.

"मी काय करू, ताई? तुमचे वडील गुपचूप म्हणाले, माझी पाठ तिच्याकडे कर. दुसऱ्या दिवशी आईसुद्धा तेच म्हणाल्या."

मूळ भांडण असं: प्रार्थनाघरात भजनाला मोठ्या सारंगीची साथ हवी, असं मेहिटेबलबाईंचं म्हणणं. तारा खरवडून देव येत नाही, असं कारभाऱ्यांचं. अकरा महिने अबोला. आणि उद्या केझायाचं लग्न! आईबापांनी मिळून स्तोत्र म्हटल्याशिवाय त्या घरची मुलगी उंबरठा ओलांडत नसे.

"केझाया, विचार तुझ्या वडिलांना, माझं तोंड चित्रातसुद्धा बघवेना का?"

"तुझ्या आईला विचार, तिनं तरी कुठं माझ्याकडे बघितलंय?"

स्वतः पाठ फिरवताना दोघांनाही मौज वाटली होती. समोरच्याची पाठ मात्र सोसवेना.

केझायानं बाह्या वर सारल्या. टटलच्या मदतीनं दोन्ही चित्रं उतरवली. डावीकडचं उजव्या खिळ्याला अडकवलं, उजवीकडचं डाव्या. मग मागं सरून उभी राहिली.

चित्रातले ॲसहेल आणि मेहिटेबल आता एकमेकांकडे टक लावून बघत होते.

कारभारी आधी खोकले, मग खो खो हसत सुटले.

"सांग तुझ्या वडिलांना," मेहिटेबलबाई म्हणाल्या, अडखळल्या आणि सरळ नवऱ्याकडे वळल्या. "अहो, उद्या सूर तुम्ही लावणार की मी?"

"तूच लाव. माझा उगाच चढतो."

"आणि सारंगी?"

"आण बाई. पण दाराजवळ बसव तिला."

दुसऱ्या दिवशी ते स्तोत्र नदीपलीकडे ऐकू गेलं म्हणतात. देव काही सारंगीच्या तारा तपासत नाही हो, सूर ऐकतो. तुमच्या घरी कुणी रुसलं, की या केझायाची आठवण काढा: दोघांपैकी एकाचीही मान न वळवता तिनं त्यांना समोरासमोर आणलं.