कोषावरची टकटक

वहिनी आणि मी मागच्या खोलीत चिलटाएवढ्या गांधीलमाश्या वाढवतो. कोंबड्यांच्या शेडवाले त्या नेतात आणि खताच्या ढिगावर सोडतात. या गांधीलमाश्या तिथल्या घरमाशीच्या कोषात अंडं घालतात आणि त्यातून निघालेली अळी आतली माशी जन्मायच्या आधीच खाऊन टाकते. माणसाच्या वाटेला त्या कधी जात नाहीत.

त्यांची रीत ठरलेली. कोषावर चढायचं आणि मिशांनी टकटक करून बघायचं. आत काही वाढत नसेल तर पुढे जायचं, असेल तर शेपूट वाकवून टोचायचं.

"तुझ्यापेक्षा या पोरी शहाण्या," वहिनी मला म्हणते. "रिकाम्या डब्यात तोंड घालत नाहीत."

काल दुपारी दादा खोलीत आला. आजारातून उठल्यापासून त्याची भूक दुप्पट झाली होती आणि बोलणं जवळजवळ बंद. उकाड्यामुळे तो उघडाच होता. कोषांचं ताट आत सरकवायला मी गांधीलमाश्यांच्या पिंजऱ्याचं जाळीचं दार उघडलं. माश्यांनी ताटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्या उडाल्या आणि दादाच्या पाठीवर जाऊन बसल्या.

"घामाला भुलल्या वाटतं!" मी हसलो.

वहिनी हसली नाही. पाठभर मिशांची टकटक चालली होती. मग एकीनं शेपूट वाकवलं. मग सगळ्यांनीच.

वहिनीनं झटकायला हात उचलला. दादानं मागे न बघताच तिचं मनगट धरलं. त्याचे खांदे हळूहळू सैल पडले.

"राहू दे गं," तो म्हणाला. "आत्ता कुठे आतलं ते हलायचं थांबलंय."