मापाचा गज

दिग्रसच्या बंद पेट्रोल पंपाची टाकी आम्ही उपटून भंगारात दिली. डिझेल मुरलेली माती उचलली, खड्डा चांगल्या मातीनं भरला आणि तपासणीसाठी मधोमध एक पाइप उभा केला.

पंपाचा मालक सदाशिवराव म्हणजे शुद्ध मूर्ख. टाकी गेली तरी रोज सकाळी मापाचा गज कापसाच्या बोळ्यानं पुसून पाइपात घालायचा. त्या वर्षी कापसाची लायकी तेवढीच उरली होती म्हणा.

एके सकाळी गज अर्धा ओला आला. यानंच डिझेल ओतलं असणार. मी गज हिसकावला.

"पुसल्याबिगर नोका टाकू, साहेब!"

"पुसायचं कोणासाठी?" मी हसून ओलाच गज खाली सोडला.

वर आला तो कोरडा ठणठणीत.

सदाशिवरावचा बोळा त्याच्या हातातच होता. गजाच्या टोकाला दुसरा अडकला होता, डिझेलनं भिजलेला आणि कोमट.