उरलेला पूल

"हसत राहा साहेब, आणि मला तुमच्या बाजूला ओढा," महापौर एलिसेओ गव्हर्नर बर्डेटच्या कानाशी पुटपुटला. "मिठी सोडू नका."

नदीवरच्या पुलाच्या बरोबर मध्ये रस्त्यात एक पितळी पट्टी बसवलेली. अलीकडे अमेरिका, पलीकडे मेक्सिको. दर फेब्रुवारीत दोन्हीकडची नटवलेली मुलं त्या पट्टीवर एकमेकांना मिठी मारतात, मग मोठी माणसं मारतात. रीत एकच, बूट आपापल्या देशात ठेवायचे. छाती पुढे, पाय मागे. अवघडल्यासारखं दिसतं, पण फोटो झकास येतो.

"काय झालं?" बर्डेटने ओठ न हलवता विचारलं.

"माझ्या टोकाला राखाडी गाडी उभी आहे. माझ्या आधीचा महापौर मारला गेला, त्या सकाळी त्याच्या दारात हीच होती. माझे पोलीस तिच्याकडे पाठ करून उभे आहेत, साहेब! माझा व्हिसा तुमच्या लोकांनी मागच्या महिन्यात काढून घेतला. पण एकदा तुमच्या जमिनीवर पाय पडला की मला आसरा मागता येतो. दोन पावलं फक्त. पुढचं मी बघतो."

 एलिसेओचं काळीज बर्डेटच्या छातीवर धडधडत होतं, कोटातून कळत होतं.

आदल्याच दिवशी टीव्हीवरच्या वादात प्रतिस्पर्ध्याने बर्डेटला टोचलं होतं, "सीमेवरचं राज्य चालवणं म्हणजे परराष्ट्र धोरणाचा अनुभव नव्हे, गव्हर्नर. राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालात, जरा जपून बोला." त्यावर हा तडफेने म्हणाला होता, "तुम्ही परदेश नकाशात बघता. माझा तर तो शेजारी आहे. दरवर्षी मी त्याला मिठी मारतो!" काय टाळ्या पडल्या होत्या! आज तो शेजारी खरोखरच गळ्यात पडला होता, आणि याला घाम फुटला होता.

पट्टीला खेटून दोन गणवेशवाले उभे होते. ते वॉशिंग्टनचे, म्हणजे केंद्र सरकारचे. राज्यात बर्डेटच्या एका शब्दावर तुरुंगाची दारं उघडत, पण या पुलावर त्याला काळं कुत्रंही विचारत नव्हतं.

मिठी न सोडताच त्याने मान वळवली. "हे आमचे महापौर आज माझ्याकडे जेवायला येताहेत," तो शक्य तितक्या सहज म्हणाला.

"कागद आहेत का, साहेब?" गणवेशवाल्याने विचारलं.

"मी गव्हर्नर आहे."

"माहीत आहे की. मत तुम्हालाच देणार आहे. पण हे वॉशिंग्टनला विचारावं लागेल." आणि तो आणखी अर्धं पाऊल पुढे सरकला.

ओढलं असतं तर? गणवेशवाला मध्ये पडेपर्यंत एलिसेओचे बूट इकडे आले असते. बर्डेटच्या हातांत तेवढा जोर होता, मनात नव्हता. उमेदवाराने स्वतःच्या हाताने माणूस आत घुसवला, हे संध्याकाळच्या बातम्यांत त्याला आताच ऐकू येत होतं. त्याने हात सैल केले. त्याची त्याला लाज वाटली, पण केले.

"साहेब, पुन्हा एकदा!" फोटोवाला ओरडला. "बँडवाला मध्ये आला!"

एलिसेओने टाय सारखा केला आणि पुन्हा हात पसरले. गालावर हसू आणि डोळ्यांत नुसती भीती. बर्डेटला ते बघवेना.

"फोटो पुरे," तो म्हणाला, आणि पट्टी ओलांडून पलीकडे गेला. "चल, तुला घरापर्यंत सोडतो."

"साहेब, तिकडे नको!" त्याची प्रचारप्रमुख मार्लीन किंचाळली. "आपल्या पोरांना पिस्तुलं घेऊन पलीकडे जाता येत नाही!"

खरंच, त्याचे अंगरक्षक पट्टीवर येऊन थांबले होते. सात वर्षं तो या पुलावर येत होता आणि पुलाचा हा अर्धा भाग त्याने कधी तुडवला नव्हता. त्याने एलिसेओच्या दंडात हात घातला. कॅमेरेवाले मात्र मागे धावले. त्यांना कोण अडवणार!

उताराला लागल्यावर गाडी दिसली. बर्डेटची पावलं झपझप पडायला लागली.

"हळू चला," एलिसेओ म्हणाला. "घाईत असलेला माणूस त्यांना लगेच कळतो."

"मला भीती वाटतेय रे."

"वाटू द्या. मला तर रोज वाटते."

ते गाडीच्या बाजूने गेले तेव्हा काच खाली झाली. आतल्या पोरगेल्या माणसाने आधी एलिसेओकडे बघितलं, मग गव्हर्नरकडे, मग मागच्या कॅमेऱ्यांकडे. त्याने स्वतःचा मोबाइल वर केला, दोघांचा एक फोटो काढला आणि काच चढवली. गाडी सावकाश निघून गेली.

बर्डेटच्या तोंडून श्वास सुटला. मार्लीन धापा टाकत येऊन पोचली होती, फोन कानाला लावून हसत होती. "आता म्हणू दे म्हणावं त्याला, अनुभव नाही म्हणून! सगळ्या वाहिन्यांवर चाललंय, साहेब. शस्त्राशिवाय, एकट्याने!"

एलिसेओच्या घराचं फाटक समोरच होतं. बायको दारात उभी होती, बाहेर येत नव्हती. त्याने बर्डेटचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"उपकार झाले, साहेब. खरंच." तो थांबला. रस्ता जिथे वळत होता, तिकडे त्याने एकदा बघून घेतलं. "उद्या कुठे आहात तुम्ही?"

बर्डेटने मार्लीनकडे बघितलं. तिने फोनवर हात ठेवून सांगितलं.

"ओहायोत," बर्डेट म्हणाला. "सभा आहे."