पंगतीत कुणीच कमी नाही

सुपातले तांदूळ पाखडता पाखडता द्वारकाबाईंनी नातीला हटकलं, "नुसती पोपटपंची नको गं. अर्थ सांग."

"एव्हरीबडी म्हणजे सगळे, नोबडी म्हणजे कुणीच नाही," ईश्वरी म्हणाली. "आपल्या घरावर वाक्यं करायचीत. मी लिहिलंय, आम्ही सगळे एकत्र जेवतो, पंगतीत कुणीच कमी नसतं."

हातातलं सूप थांबलं. परजातीत लग्न केलं म्हणून लेकीला त्यांनीच नऊ वर्षांपूर्वी भरल्या पंगतीतून उठवलं होतं. तिचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही, हा हुकूमही त्यांचाच. नातीला आत्या ठाऊकच नव्हती.

"खोड ते वाक्य."

"का आजी? इंग्रजी चुकलं?"

"इंग्रजी तुझ्या बाईंना विचार, मी दुसरी नापास. पण ते खोटं आहे, एवढं मला कळतं."

मग आत वळून त्या गरजल्या, "सूनबाई, वनमालेला फोन लाव. चोरून बोलतेस, ठाऊक आहे मला."

सुनेने घाबरतच फोन त्यांच्या कानाला लावला.

"बोल वहिनी," पलीकडून आवाज आला.



"आई बोलतेय," त्या कशाबशा म्हणाल्या. "जावईबापूंना घेऊन जेवायला ये."