कोणी ठरवलं?

एखादी वायर तुटली तरी काम अडू नये म्हणून ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या सगळ्या स्विचना दुहेरी वायरी ओढल्या, आणि नेटवर्क धावायचं सोडून रांगायलाच लागलं. शोध घेत इंजिनिअरबाई तळघरात पोचल्या, तर तिथे धूळ खात पडलेला एक जुनाट स्विच साऱ्या इमारतीचा गाडा ओढत होता.

"ह्या म्हाताऱ्याला मुख्य कोणी केलं?" वायरमनने विचारलं.

"कोणीच नाही. दोन वाटा असल्या की निरोप गोल गोल फिरत बसतात. म्हणून हे स्विच आपसात एक मुख्य निवडतात, त्याच्याकडे जाणारी एकच वाट चालू ठेवतात, दुसरी राखीव. मुख्य कोण ते आपण सांगायचं असतं. नाही सांगितलं, तर बहुतेक वेळा सगळ्यात जुन्याच्याच गळ्यात पडतं."

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, सोमवारी आईला दवाखान्यात न्यायचंय."

"मीच न्यायचं, हे कोणी ठरवलं?"

"त्यात ठरवायचं काय? तू आहेसच की."

"एक मिनिट थांब."

बाईंनी लॅपटॉपवर वरच्या मजल्यावरचा नवा स्विच मुख्य केला. सगळं नेटवर्क गप्प झालं.

"गेलं की काय?" वायरमन घाबरला.

"स्विच नव्या वाटा ठरवताहेत. तीस मोजा."

तीस होता होता दिवे हिरवे झाले.

बाईंनी फोन पुन्हा कानाला लावला. "यापुढे आईला तू नेशील. तुझं अडलं, तर मी आहेच."

पलीकडे सगळं गप्प. बाईंनी घाई केली नाही. त्या मनातल्या मनात आकडे मोजू लागल्या.