सुरतचं कार्ड

भिमाबाई काठी टेकत टेकत थेट सईदभाईच्या ओट्यावर आली, अन् पदराखालून त्यानंच लिहेलं पुस्तक काढलं! सईदभाईचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

चाळीस वर्षं गावात पोस्टमनकी केलेला माणूस. रिटायर झाल्यावर लिहाले बसला, अन् दोन वर्षात पुस्तक छापून मोकळा. जळगाव जामोदले सत्कार झाला, शाल भेटली. पण तवापासून हा गडी भिमाबाईच्या घरावरून जातच नोहता. मांगच्या गल्लीनं जाये.

कारण पुस्तकातली सातवी गोष्ट. परगावी गेलेला पोरगा मायले कार्डावर लिहिते, "मी आता येत नाही. वाट पाहू नको." अन् पोस्टमन वाचून दाखवते, "माय, दिवाळीले येतो." दर कार्डाले तेच. सईदभाईनं बाईचं नाव बदललं, गाव बदललं, पोराच्या सुरतचं पुणं केलं. तिच्या बकरीचं नाव मातर बदलाचं राहूनच गेलं ना! रंगी. अख्ख्या गावात रंगी एकट्या भिमाबाईचीच होती.

"शेजारच्या प्राचीनं वाचून दाखवलं," भिमाबाई टेकली. "लय धडाधडा वाचते पोरगी. जीव नाही त्यात."

"मावशी, ते गोष्ट असते. मनचं लिहा लागते."

"मंग रंगी बी मनचीच व्हय काय रे?"

सईदभाईनं कप खाली ठेवला. "चुकलं मावशी. तू उंबऱ्यात बसून राहे माह्याकडे पाहत. मले खरं वाचताच ये ना. मले वाटलं, तुले काही समजत नाही..."

"वाचता येत नाही बाप्पा, डोये तं होते ना! कार्डावर दोन ओळी, अन् तू वाचे पाव घंटा."

आतून येणारा भांड्यायचा आवाज थांबला.

भिमाबाईनं पुस्तक बाजूले सारलं. पदराची गाठ सोडली. आतून घडी पडलेलं, पिवळं झालेलं सुरतचं एक कार्ड निघालं. ते तिनं त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे वाच. प्राचीवानी नको. तू वाचे तसं."

सईदभाईनं चष्मा पुसला. पुन्हा पुसला. कार्ड डोयापाशी धरलं, त्या दोन ओळीयकडे पाह्यलं, अन् घसा खाकरून सुरू केलं,

"माय, पह्यले सांग, रंगी कशी आहे?"