विसावी पाटी

खांब नव्हता आणि पाटीही नव्हती. पुलाजवळ रस्त्याच्या कडेला, जिथं सोमवारी काउंटीच्या माणसांनी ती रोवली होती, तिथं आता नुसती ताजी माती होती. खड्डा नीट बुजवून वरून पायानं दाबून सपाट केलेला.

"चोर टापटिपीचा दिसतोय," शेरीफचा डेप्युटी क्लेटन म्हणाला.

रोवीना टॉलिव्हरला हसू आलं नाही. आज शुक्रवारची सकाळ होती. परवा रविवारी चर्च सुटलं की पाटीवरचं कापड काढायचं होतं. पाटी ज्या जुन्या शाळेची होती, तिच्यात शिकलेली तिघंच आता उरली होती. त्यातले दोघे, एकमेकांचे सख्खे भाऊ, डॉक्टरांचं न ऐकता डेट्रॉइटहून निघालेसुद्धा होते. तिसरी रोवीनाची आई, गावाच्या तोंडी मिस ऑझेला.

सात वर्षं रोवीना या पाटीच्या मागे हात धुऊन लागली होती. ओकाली काउंटीत रस्त्याकडेला इतिहासाच्या एकोणीस पाट्या होत्या. अठरा, यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या सेनापतींच्या आणि एक एका सेनापतीच्या घोड्याची. विसावी या शाळेची व्हायची होती. काळ्या मुलांची ती शाळा १९४३ साली जळाली, म्हणजे जाळली. कुणी जाळली ते सगळ्या काउंटीला ठाऊक होतं, पाटीवर मात्र ते आलं नव्हतं. राज्याच्या मंडळानं मंजुरी देतानाच बजावलं होतं, धातूची पाटी एकदाच ओतून मिळेल, हरवली तर दुसरी नाही.

"तुमचा संशय कुणावर, मिस रोवीना?"

"तुमचा कुणावर आहे तेवढं सांगा."

डेप्युटीनं ओढ्यापलीकडे पाहिलं. तिकडे हार्मन स्टिगलचं कुरण होतं. शाळा खरं तर तिथंच उभी होती. पण पाट्यांचा रिवाज असा, की जिथं गाडी थांबवता येईल तिथं त्या लागायच्या, मग गोष्ट घडलेली असो मैलभर आत. खासगी जमिनीत लावायची तर मालकाची सही हवी. आणि ज्याच्या आजोबानं रॉकेल ओतलं, त्या माणसाकडे सही मागायला जायचं कुणी? पाटीसाठी नेमलेल्या समितीच्या सहाही जणांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं, पाटीवर "या परिसरात" असं मोघम लिहिलं आणि पुलाजवळची जागा मुक्रर करून मोकळे झाले.

"म्हातारा स्टिगल मंगळवारी काउंटीच्या कचेरीत आला होता," डेप्युटी म्हणाला. "पाटीच्या जागेचे कसलेसे कागद मागून घेऊन गेला. वकिलाकडे जायचा बेत असेल. मला वॉरंटशिवाय त्याच्या फाटकात पाय टाकता येत नाही हो."

"मला येतो," रोवीना म्हणाली.

आधी ती घरी गेली. आई स्वयंपाकघरात पावासारख्या मऊ बिस्किटावर ज्वारीच्या धाटांची काकवी ओतत बसली होती. वय सत्त्याऐंशी, पण काकवीचा एक थेंब बाहेर सांडेल तर शपथ.

"आई, पाटी गेली."

"जाऊन जाऊन जाईल कुठं? मी तेव्हाच म्हटलं होतं, पुलाजवळ शाळा नव्हतीच. तिथं आम्ही बेडकं धरायचो."

"पुन्हा तेच! अगं, स्टिगलनं उपटून नेलीय ती. मी चाललेय त्याच्याकडे."

आईचा हात थांबला. "आज नको जाऊस."

"का?"

"कुरणात चिखल आहे. बूट खराब होतील. आणि मला चर्चमध्ये गोधड्या शिवायला सोडायचं म्हणत होतीस, तेही नको. मला न्यायला येणार आहेत."

रोवीनाला वाटलं, आई घाबरलीय. दहा वर्षांची असताना जे डोळ्यांनी पाहिलं, त्याची भीती अशी अंगातून जाते थोडीच? तिला आईची फार दया आली, आणि तेवढाच स्टिगलचा संताप. रविवारच्या तयारीसाठी ती गावात गेली आणि दुपारभर तिनं स्वतःला आवरून पाहिलं. तीन वाजता मात्र तिनं गाडी काढली.

स्टिगलचं फाटक उघडं होतं. तिच्या उभ्या आयुष्यात ते तिनं कधी उघडं पाहिलं नव्हतं. चाकाचे माग कुरणात आत गेले होते. ती त्यांच्यावरून गाडी नेत राहिली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला स्टिगलचा पिकअप उभा होता, तिच्याकडे पाठ करून. त्याच्यापुढे गवतावर पाटी आडवी पडली होती, कापडासकट. आणि पंचाहत्तरी उलटलेला हार्मन स्टिगल, घामानं निथळत, फावड्यानं खड्डा खणत होता.

म्हणजे नुसती चोरी नव्हे. तो ती पुरायला निघाला होता.

रोवीना गाडीतून उतरली आणि चिखल तुडवत धावली.

"मिस्टर स्टिगल! तुमच्या आजोबांनी शाळा जाळली, आणि तुम्ही आता तिचं नाव मातीत घालताय? परवा दोन म्हातारे हजार मैलांवरून येताहेत. त्यांना मी काय दाखवू? हा खड्डा?"

हार्मननं फावडं थांबवलं. डोक्यावरची टोपी काढली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. रागानं की दमून, ते तिला कळेना.

"मिस रोवीना," तो म्हणाला, "सकाळपासूनचा हा चौथा खड्डा आहे. मला तर पहिलाच बरा वाटला होता."

आणि त्यानं केविलवाण्या नजरेनं पिकअपकडे पाहिलं.

पिकअपची काच खाली आली. आतून एक काठी बाहेर आली आणि हवेत डावीकडे वळली.

"तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, हार्मन," मिस ऑझेला म्हणाली. "अजून दोन पावलं सरक. शाळेचं दार तिथं होतं."